‘श्यामची आई’ वाचून दाखवताना

दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी बंगळुरूला फोन लावते. पलीकडे माझी नात असते. नऊ वर्षांची आहे. घरात मराठी बोलते, पण वाचताना अडखळते, कारण तिच्या शाळेत मराठी नाही. तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलं की मी वाचायचं आणि तिनं ऐकायचं. पुस्तक कोणतं, हा प्रश्न मला पडला नाही. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’. एका रविवारी एक रात्र.

रात्र म्हणजे त्या पुस्तकातलं एक प्रकरण. अशा बेचाळीस रात्री आहेत, म्हणजे आमचं जवळजवळ वर्षाचं काम. कुणी या पुस्तकाला आत्मकथा म्हणतं, कुणी कादंबरी. गुरुजींचं नाव पांडुरंग, पुस्तकातल्या मुलाचं नाव श्याम. आयुष्य बरंचसं गुरुजींचं, पण त्याला गोष्टीचा घाट दिलेला. मी तरी मुलांना ती कादंबरी म्हणूनच ऐकवते. कोकणातल्या एका खेड्यातलं घर, तिथली विहीर, गाय, देवळं, भाऊबंदकी, सण, पाऊस, आणि हळूहळू घसरत जाणारी घरची स्थिती, हे सगळं तीत आहे.

हे पुस्तक मोठ्यानं वाचायचंच आहे, असं मला नेहमी वाटतं. त्याची रचनाच तशी आहे. आश्रमात संध्याकाळी प्रार्थना झाली की मंडळी जमतात आणि श्याम त्यांना आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. मधेच ऐकणाऱ्यांपैकी कुणी बोलतो, कुणी उशिरा येतो, कुणाचे डोळे भरतात. गुरुजींनी यातला बहुतेक मजकूर फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला आणि १९३५ मध्ये पुस्तक आलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत असत आणि ते बोलणं उतरवून घेणारे होते साने गुरुजी. ‘गीता प्रवचने’ आपल्याला मिळाली ती अशी. बोललेला शब्द कागदावर कसा येतो, हे हाताला ठाऊक झालेला माणूस पुढच्या वर्षी आपल्या आईबद्दल लिहायला बसला. ‘श्यामची आई’ वाचताना कुणीतरी समोर बसून बोलतंय असं वाटतं, त्याचं एक कारण हेही असावं.

नातीला ऐकवताना पहिली अडचण आली ती शब्दांची. खोत म्हणजे काय? पत्रावळ म्हणजे काय? माळा म्हणजे काय? फ्लॅटमधल्या मुलीला माळा माहीत असण्याचं कारण नाही. पत्रावळ सोपी गेली. मी बागेतून पानं आणली, बांबूच्या चोयांऐवजी खराट्याच्या काड्या घेतल्या आणि व्हिडिओवर टाचून दाखवली. माझी पत्रावळ वेडीवाकडीच झाली. श्यामलाही ती आधी येत नव्हती, म्हणून तिला फार आनंद झाला.

खोत समजावणं मात्र जड गेलं. सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा, आणि त्या जोरावर कुळांकडून धान्यात मोठा वाटा घेणारा, तो कोकणातला खोत. श्यामचं घराणं खोताचं. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं होतं आणि ती पद्धत कायद्यानं गेली १९४९च्या कायद्यानं. इतकं सांगून झाल्यावर नात म्हणाली, “म्हणजे श्याम श्रीमंत होता?” मी म्हटलं, “होता, आणि मग नव्हता.” या पुस्तकातलं निम्मं दुःख याच वाक्यात आहे. गरीब जन्मलेल्याचं दुःख वेगळं आणि चारचौघांच्या देखत गरीब होत गेलेल्याचं वेगळं.

अळणी भाजीच्या रात्री तिनं मला चांगलंच अडवलं. आईच्या हातून भाजीत मीठ घालायचं राहतं. वडील काही न बोलता, वर कौतुक करत जेवतात, आणि आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. मी लहानपणी या रात्री वडिलांच्या मोठ्या मनानं भारावून गेले होते. नातीचा प्रश्न निराळा. “आजी, आई शेवटी का जेवते? सगळ्यांबरोबर बसली असती तर तिला लगेच कळलं असतं ना!” मला हसू आलं. पण खरंच आहे. ती गोष्ट घडते तीच मुळी बाई मागाहून जेवते म्हणून. वीस-बावीस वर्षं मीही तशीच मागाहून जेवले. त्या गोष्टीतली ही बाजू मला कधी दिसली नव्हती.

‘श्यामची आई’वर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की हे फार रडवं पुस्तक आहे, आणि आईला सतत झिजवून तिची पूजा करणारं आहे. आक्षेप खोटा नाही. मला वाटतं, दोष थोडा आपल्या वाचून दाखवण्याचाही आहे. आमच्या पिढीनं हे पुस्तक छडीसारखं वापरलं. “बघ, श्याम कसा आईचं ऐकायचा!” मी स्वतः हे पाप केलेलं आहे. १९८७ मध्ये मुलगा आठ वर्षांचा होता, आम्ही ठाण्याला राहत होतो. त्याला पोहायला घातलं होतं आणि तो पाण्याला घाबरे. मी मुद्दाम पोहण्याची रात्र काढली. श्याम पोहायला जायला नको म्हणून माळ्यावर लपतो, आई त्याला शोधून काढते, शिंपटीनं मारते आणि विहिरीवर पाठवते. मी वाचून पुस्तक मिटलं आणि मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, “म्हणजे तू मला मारणार?” त्यानंतर महिनाभर तो तलावाकडे फिरकला नाही, आणि पुस्तकाकडेही नाही. त्या रात्रीत पुढे आई त्याला जवळ घेते, आपला मुलगा भित्रा आहे असं लोकांनी म्हणू नये म्हणून तिचा जीव तुटतो. पण ते माझ्या मुलानं ऐकलंच नाही. मारापाशीच त्याचे कान बंद झाले.

मी स्वतः हे पुस्तक पहिल्यांदा ऐकलं १९६४ मध्ये, वडिलांकडून. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. दापोली तालुक्यात, गुरुजींच्या पालगडपासून आठ-दहा मैलांवर आमचं गाव. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या ओटीवर आळीतली पोरं जमायची आणि अण्णा कंदिलाच्या उजेडात काहीतरी वाचायचे. त्या वर्षी एक मेला त्यांनी ‘श्यामची आई’ सुरू केलं. रोज एक रात्र, नेम मोडायचा नाही. पुस्तकातल्या विहिरी आमच्या विहिरींसारख्या, पुस्तकातली गडगे, बेडी, पाणंद आमचीच. एकाच स्त्रीला धार काढू देणारी मोरी गाय ऐकली तेव्हा आम्ही सगळे गोठ्याकडे बघायला लागलो. शब्दार्थ सांगायची गरजच पडली नाही. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ हा सिनेमा १९५३ मध्ये येऊन गेला होता आणि १९५४ मध्ये त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं, पण आमच्यापैकी कुणीही तो पाहिलेला नव्हता. श्यामच्या आईचा चेहरा प्रत्येकाच्या मनात आपापल्या आईचा होता.

अण्णांच्या वाचनात एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. सावकाराचा माणूस घरी येऊन श्यामच्या आईला लागेल असं बोलतो, ती रात्र त्यांनी भराभर वाचून संपवली. आणि पुढे, शेवटाकडे, घराच्या जप्तीची गावात दवंडी पिटली जाते ती रात्र तर त्यांनी गाळलीच. “आज घसा बसलाय,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढची रात्र काढली. पुढे पुस्तक माझ्या हाती आलं तेव्हा मला कळलं की मधली एक रात्र आम्ही ऐकलेलीच नाही. आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तशीच निवडत म्हणाली, “आत्याच्या लग्नाला माझ्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. त्याच महिन्यात तो माणूस आपल्या ओटीवर दोनदा येऊन बसून गेला होता.” ज्या ओटीवर आम्ही गोष्ट ऐकायचो, त्याच ओटीवर. मुलं श्याम होऊन ऐकत होती आणि वाचणारा माणूस श्यामच्या वडिलांच्या जागी बसलेला होता.

आता नातीच्या त्या प्रश्नाकडे येते, ज्याच्यासाठी खरं तर आज हे सगळं सांगायला घेतलं.

‘देवाला सारी प्रिय’ नावाची एक रात्र आहे. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडते. तिला ती एकटीला उचलवत नाही, आणि शिवायचं नाही म्हणून कुणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला सांगते की जा आणि तिला मोळी उचलून दे. श्याम जातो. त्या काळाच्या मानानं फार मोठी गोष्ट. मात्र आई त्याला आणखी एक गोष्ट सांगते: घरी आल्यावर आंघोळ करायची.

मी हे वाचलं. फोनवर क्षणभर शांतता. मग नात म्हणाली, “लाकडं घाण होती का?”

मी म्हटलं, नाही.

“मग आंघोळ का?”

मी तिला सांगितलं. अस्पृश्यता म्हणजे काय, कुणाला काय करायला बंदी होती, सगळं. हेही सांगितलं की पुस्तक लिहिणाऱ्या गुरुजींना ती आंघोळ पुढे सहन झाली नाही. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं. मंदिर खुलं झालं. १९३३ मध्ये आईबद्दल लिहिताना त्यांनी ती आंघोळ लपवली नाही, गाळून आईला आणखी मोठी करून दाखवलं नाही, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. अलीकडे मुलांसाठी संक्षिप्त आवृत्त्या निघतात. गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे साठ वर्षांनी, २०११ पासून, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क सगळ्यांसाठी मोकळा झाला आणि कुणीही ती छापू शकतो. स्वस्त झाली हे उत्तमच. पण घेताना पुस्तक संपूर्ण आहे ना, हे जरूर बघून घ्या. गैरसोयीचं तेवढं कातरलेलं पुस्तक मुलांना दिलं, तर मुलं विचारणार काय?

नातीचं या उत्तरानं समाधान झालं. माझं झालं नाही. कारण फोन ठेवल्यावर मला एकदम आमचं अंगण आठवलं.

अण्णा वाचायचे तेव्हा आम्ही ओटीवर असायचो. पण एक मुलगी अंगणात बसायची. पायरीच्या खाली, तुळशीवृंदावनाच्या अलीकडे. माझ्याच वर्गातली. शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. तिच्या वस्तीला तेव्हा बौद्धवाडी म्हणू लागले होते, पण गावाच्या तोंडात जुनंच नाव होतं. तिला खाली बस असं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. वर ये असंही कुणी सांगितलं नाही. अण्णांनी नाही, आईनं नाही, मीही नाही. आणि मोळीची रात्र अण्णांनी तिच्यासमोर वाचली होती. चांगली, रंगवून वाचली होती. आंघोळीसकट.

तिचा नंबर माझ्याकडे होता. २०१९ मध्ये गावच्या शाळेतल्या मेळाव्यात आम्ही भेटलो होतो. मुंबईत नर्स म्हणून नोकरी करून ती निवृत्त झाली आहे. दोन दिवस विचार करून मी फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, “तुला आमच्या ओटीवरचं ‘श्यामची आई’ आठवतं?”

“ओटीवरचं नाही. अंगणातलं आठवतं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तीच बोलत राहिली. अण्णांचा आवाज तिला अजून आठवत होता. पुस्तकातले कुत्र्या-मांजरांचे, गाईचे प्रसंग ते कसे वाचायचे ते तिनं मला करून दाखवलं. मोळीच्या रात्रीबद्दल मी विचारलं. ती म्हणाली, “तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की बरं झालं, आमच्या आजीची गोष्ट पुस्तकात आली. आंघोळीचं घरी गेल्यावर कळलं. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, मोळी तरी उचलली ना?”

मी गप्प होते. तीच पुढे म्हणाली, “पण मला शेवट ठाऊक नव्हता हं. तुमच्या अंगणाला काय छप्पर होतं? मृगाच्या दोन-तीन दिवस आधीच पाऊस लागला. तुम्ही ओटीवर बसून राहिलात, मी घरी गेले. रोज संध्याकाळी पाऊस. सुरुवातीच्या दोन-तीन रात्रीही मी ऐकल्या नव्हत्या, त्यामुळे श्याम आई गेल्यावर सांगतोय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या लेखी श्यामची आई कितीतरी वर्षं जिवंत होती.”

तिनं ते पुस्तक विकत घेतलं १९७७ मध्ये, पहिल्या पगारातून. नर्सेसच्या होस्टेलमध्ये रात्रपाळी संपवून आल्यावर उरलेल्या रात्री वाचल्या. पुढे आपल्या दोन्ही मुलांनाही वाचून दाखवल्या. “मोळीची रात्र गाळलीस?” मी विचारलं. “छे,” ती म्हणाली, “ती तर दोनदा वाचली. एकदा तशीच आणि एकदा आजी सांगायची तशी.”

पुढच्या रविवारी मी हे नातीला सांगितलं. अंगणासकट सांगितलं, माझी बाजू घेऊन काही म्हणाले नाही. तिनं मला काही बोल लावला नाही. फक्त विचारलं, “त्या आजींना पण फोनवर घेता येईल ना?” येतं, तीन जणांचा फोन लावता येतो, हे तिनंच मला शिकवलं.

गेले काही रविवार आम्ही तिघी असतो. बहुतेक वेळा मीच वाचते. माझी मैत्रीण मधेमधे दुरुस्त्या करते: अण्णा हे असं वाचायचे नाहीत, इथे थांबायचे, इथे पाणी प्यायचे. नात आम्हा दोघींना आपापसात बोलू न देता पुढे वाचायला लावते. मात्र मैत्रिणीनं पहिल्याच दिवशी एक अट घातली होती. पाऊस आल्यावरच्या सगळ्या रात्री ती वाचणार आणि मी ऐकणार. जप्तीच्या दवंडीची रात्र तर तिचीच. “आमच्या आजोबांच्या मागे गावकीची कामं होती. दवंडी तेच पिटायचे,” ती म्हणाली. “कुणाच्या दारात पिटायची असली की त्या दिवशी घरी येऊन जेवायचे नाहीत. ती रात्र मलाच वाचू दे.”

ती यायला अजून पाच रविवार आहेत. मी ती वाचलेली आहे, अनेकदा. कुणाच्या तोंडून मात्र मीही अजून ऐकलेली नाही.